दारात उभा अनुबिस

कप खाली ठेवा आधी, नाहीतर ठसका लागन. ठेवला? आता ऐका, कशी फजिती झाली माझी.

माझा स्वभाव तुमाले माहीतच आहे. दूधवाला हसला तरी मी आधी दूध पाहतो. याच स्वभावापायी बीपी वाढला अन् बायकोनं, मंदानं, मले ध्यानवर्गात नेऊन बसवलं. तिथले सर म्हणत, "डोळे मिटा. जो येईल त्याला येऊ द्या."

आता यायचा तं आपला गणपती यावा, मारुती यावा! माझ्यापुढे आला कोण? उघडाबंब माणूस, मुंडकं काळ्या कुत्र्याचं, कान उभे, हातात तराजू!

"कोण गा तू? कोणाच्या ओळखीनं आला?" मी मनातल्या मनात विचारलं. तो आपला तराजूची पारडी सारखी करून राहिला! मले वाटलं, सर आधी कैरीचं पन्हं पाजतात, त्यातच काहीतरी असन. दुसऱ्या दिवशी पन्हं गुपचूप कुंडीत ओतलं. तरी आला! मग तं सपनातही यायले लागला, अन् सोबत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला आणखी एक जण.

पोरीले, पल्लवीले, सांगितलं तं तिनं मोबाइलवर फोटोच दाखवला.

"बाबा, हाच का?"

"हाच वं! तुले कसा माहीत?"

"इजिप्तचा देव आहे, अनुबिस. मेलेल्या माणसाचं काळीज तोलते. एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात पीस. काळीज जड भरलं की संपलं! अन् तो गुंडाळलेला ओसायरिस, तिथला न्यायाधीश."

बाप्पा! अन् माझं काळीज कसं? अख्ख्या मोहल्ल्याचा संशय भरलेला त्यात! किती भरन सांगा?

मंदा म्हणे, "सावजीचं झणझणीत मटण हाणून ध्यानाले बसता, दुसरं काय दिसन?" पण मी पक्कं ठरवलं. पोरीचं लग्न झाल्याबिगर कोणी न्यायले आला तरी जायचं नाही.

अन् लग्नाचं खरंच जमत आलं होतं. निखिल, इथं मिहानमधल्या मोठ्या कंपनीत नोकरी, पल्लवीले मनापासून आवडलेला. फक्त त्याची आई काटोलहून यायची होती. ती हो म्हणन तं हो. मले यातही संशय! इतकं चांगलं स्थळ आपल्याकडे काहून आलं? मंदानं सकाळीच दम भरला, "आज तोंडातून एक वाकडा शब्द निघाला तं पाहा! पोर जन्मभर बोलणार नाही तुमच्याशी."

पाहुणे पाचले येणार होते. मे महिन्याची दुपार, खिडक्या बंद, खोलीत अंधार, कूलर घरघरून राहिला होता. म्हटलं, तोवर घटकाभर ध्यान करू. डोळे मिटले, अन् आले ना दोघंही! अनुबिसनं तराजू पुढे केला, तेवढ्यात बेल वाजली.

मी तसाच झोकांड्या खात उठलो अन् दार उघडलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. त्या उन्हात पुढे पांढऱ्या कापडात गच्च गुंडाळलेलं कोणीतरी, तोंडच नाही! मागे काळं मुंडकं, दोन उभे कान, अन् दोन्ही हातांना लोंबतं एकेक पारडं!

"मी येत नाही!" मी बोंबललो. "पोरीचं लग्न आहे माझ्या! कोणाच्या ओळखीनं आले तुम्ही? चालते व्हा!"

धाडकन दार लावलं, कडी घातली, वरून स्टूल टेकवला.

मंदा धावत आली. "कोण होतं वो?"

"ते दोघं! तोलायले आले!"

बाहेरून बाईचा आवाज आला, "अवो भाऊ, आम्ही काटोलचे! लवकरची बस भेटली म्हणून आलो. उन्हात काहून उभं ठेवलं?"

आता सांगा! नागपुरात जन्म गेला माझा. मे महिन्यात इथं तोंडाले दुपट्टा गुंडाळल्याबिगर कोणी गल्ली ओलांडत नाही, हे मले माहीत नाही का? पल्लवीले रोज मीच ओरडतो, नीट बांध म्हणून! मंदानं दार उघडलं तं पुढे पांढऱ्या दुपट्ट्यात निखिलची आई, मागे निखिल, काळा दुपट्टा बांधलेला, गाठीची दोन टोकं वर उभी. हातांत आंब्याच्या दोन थैल्या.

पल्लवी रडकुंडीले आली. मंदा माझ्याकडे पाहतही नव्हती. विहीणबाईंनी दुपट्टा सोडला, गटागटा पाणी पिलं अन् म्हणाल्या, "पोरगी छान आहे. पण भाऊंले काय झालं, ते आधी सांगा. नाहीतर आम्ही निघतो."

सांगावं लागलं सगळं. कुत्र्याचं मुंडकं, तराजू, काळीज, पीस. शरमेनं मान वर होईना. बाई तोंड घट्ट मिटून ऐकून राहिल्या, अन् मग अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी! "म्हणजे पोरीपायी देवालेही हाकललं तुम्ही? जमलं म्हणा लग्न!" मंदाचा जीव भांड्यात पडला.

साक्षगंधाले, म्हणजे साखरपुड्याले, विहीणबाईंनी मले शर्टपीस दिलं अन् त्यावर ठेवलं एक मोरपीस. "काळजाशी तोलून पाहा, भाऊ." सारे पाहुणे हसले. मीही हसलो.

मग हळूच कोपऱ्यात गेलो, ते पीस उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, नखानं खरवडलं. आजकाल प्लास्टिकचीही येतात ना!

वळून पाहतो तं मागे विहीणबाई.

"राहू द्या भाऊ," म्हणाल्या, "जड भरलं."