खरखरीत पाठ

माझ्या मैत्रिणी एकेक करून सॉफ्टवेअरमध्ये लागल्या, कंपनीच्या गाडीतून ऐटीत जायला लागल्या, तेव्हा मी विद्यापीठाच्या लॅबमध्ये बसून दगड घासत होते. दगड म्हणजे सफायरचा नखाएवढा तुकडा. त्याच्या एका अंगाला आमचा अतिनील एलईडी तयार केलेला असायचा. डोळ्यांना न दिसणारा, पाण्यातले जंतू मारणारा उजेड देणारा. अडचण एकच. उजेड आत भरपूर तयार व्हायचा, पण तुकड्याच्या गुळगुळीत पाठीवर आपटून आतल्या आतच फिरत राहायचा. बाहेर यायचा चिमूटभर.

"पाठ खरखरीत ठेवा अम्मा," माझे तेलुगू गाइड म्हणाले, "उजेडाला वाट मिळेल." पीएच.डी. माझी, पण कल्पना सरांची, आणि तिला हसणारे डिपार्टमेंटात कमी नव्हते.

आता आमचं अंबरपेठचं घर कसं, तर पितळी तांब्यात तोंड दिसलं नाही की आई तो परत घासायला लावायची. मग ओरखड्यांनी भरलेला मळकट तुकडा सरांच्या हातात कसा द्यायचा? लाजच वाटली बाई! मी प्रत्येक तुकडा हिऱ्याच्या बारीक भुकटीवर 'जरासा' उजळून द्यायची. न सांगता.

आठ तुकड्यांचा उजेड मोजला. मीटर ढिम्म. शुक्रवारी सर म्हणाले, "माझी कल्पना चुकली. सोमवारी डिपार्टमेंटला तसं पत्र देऊन टाकतो." पत्र टाइपही झालं होतं. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

"सर, चुकलं ते माझं," म्हणत मी एका दमात सगळं ओकून टाकलं. म्हटलं, गेली आता पीएच.डी. चुलीत.

"उजळले? सगळे?"

"हौ सर. सगळे."

एकच न उजळलेला तुकडा शिल्लक होता. तो सरांनी स्वतः जाड भुकटीवर घासला. मला चक्क लांब बसवलं. काय भिकार दिसत होता तो! माझे हात नुसते शिवशिवत होते. मग गॉगल चढवून आम्ही करंट सोडला, आणि मीटरचा काटा थेट टोकाला जाऊन आपटला. रेंज बदलावी लागली! मी टाळ्या पिटल्या. सर टेबल धरून इतके हसले की गॉगलखालून पाणी आलं. एवढा आनंद मला बोर्डाच्या निकालालाही झाला नव्हता.

सरांनी पत्र फाडलं आणि आठ तुकड्यांच्या नोंदींची वही माझ्यापुढे सरकवली.

"हेही छापायचं. पाठ गुळगुळीत केली की उजेड अडकतो, याचा इतका चोख पुरावा मला मागूनही मिळाला नसता."

त्या आठ तुकड्यांवर मी डॉक्टर झाले.