बाळंतिणीच्या खोलीतली भांग

माझं पहिलं बाळंतपण मावळात माहेरी झालं, आणि माझ्या बाजेच्या वर, दोरीला उलटी टांगलेली, भांगेची झाडं वाळत होती. हे वाक्य मी चारचौघींत टाकते आणि गप्प बसते. मग कुणीतरी पुढं सरकून बसतं आणि मला चहा मिळतो.

वडील गावचे पोलीस-पाटील. गावात कुणी चोरून भांग-गांजा लावला तर वर कळवायचं काम त्यांचं. याच पाटलांनी परसात, तुरीच्या आड, भांग लावली होती. शिवरात्रीला देवळात घोटतात ती भांग देण्याचा मान आमच्या घराचा. वडगावच्या सरकारी ठेक्यावरून आणलेल्या भांगेला वडील नाक मुरडत. एकदा तरी गावाला घरची पाजायची, एवढीच त्यांची हौस. सापडले असते तर आजोबांपासून चालत आलेली पाटीलकी त्या हौसेपायी गेली असती.

कार्तिकात झाडं कापली आणि पंचाईत झाली. उन्हात टाकली तर रंग आणि वास दोन्ही उडतात. सावलीत ठेवली तर आमच्याकडच्या धुक्यानं बुरशी चढते. चुलीवर टांगली तर धूर बसतो. अंधारी, कोरडी आणि रात्रंदिवस उबदार अशी घरात एकच जागा होती, माझी खोली. बाजेखाली शेगडी, खिडकी बंद, आणि पुरुषांना आत यायची बंदी. वडील उंबऱ्याबाहेर उभे राहून कारभार बघत.

"काडी मोडती का बग."

"वाकती," आई आतून म्हणे.

"मग ऱ्हाऊ दे अजून."

"अवं, लेकीचं बी इचारा कवातरी. हितं ती बाळंत झालीया, भांग न्हाई."

वाळलेली पानं आई मडक्यात भरी आणि तोंडाला फडकं बांधी. ते रोज थोडा वेळ सोडून आत वारा द्यायचा, म्हणजे कच्च्या गवताचा वास जातो. वडिलांनी दिवसभरात किती वेळा त्या मडक्याची चौकशी करावी? नातवाची तेवढी केली नाही.

निम्मी पानं मडक्यात आणि निम्मी दोरीवर असताना अबकारीचे जमादार दारात आले. कुणीतरी चुगली केली होती. त्यांनी परस पाहिलं, गोठा पाहिला, माळ्यावर चढले. माझ्या दाराशी मात्र थांबले.

"आत बाळंतीण हाय का? मग ऱ्हाऊ द्या."

वडिलांचा सुस्कारा मला भिंतीतून ऐकू आला. त्यांनी चहा मागवला. चहा पिऊन जमादार उठले असते, पण माणूस रीतीचा. "पाटील, नातू तरी दावा. बाळाच्या हातावर काय ठेवल्याबिगर जाऊ कसा?"

याला नाही म्हणता येत नाही. आईनं कौतुकानं पोराला उचललं आणि दोरीवरचं धुतलेलं दुपटं ओढून त्यात गुंडाळलं. बाहेरच्या ओलसर हवेमुळं बाळाचं सगळं धुणं आत, भांगेच्या शेजारीच वाळत होतं. ती उंबरा ओलांडत होती तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाक मारायची सोय नव्हती.

मी दाराच्या फटीला डोळा लावला. जमादारांनी पोराला मांडीवर घेतलं, मुठीत नाणं दिलं, मुका घ्यायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. त्यांनी एकदा वास घेतला. मग खात्रीसाठी आणखी एकदा.

"पाटील, ह्याला धुरी कशाची देता?"

अख्ख्या चावडीला गप्प करणारे वडील जोड्यांकडे बघत बसले. आई म्हणाली, "ओव्याची. आन् शेपाची."

"ओवा आमच्या बी घरी असतो, मावशी." त्यांनी पोर अलगद तिच्या हातात दिलं आणि पागोटं ठीक केलं. "खोलीत मी जानार न्हाई. उद्या सकाळी झडतीला वडगावची बाई आणतो, ती बघंल. उद्या बरं का, पाटील. आज न्हाई."

दिवस मावळायच्या आत दोरी आणि मडकं रिकामं झालं. वडिलांनी सगळी पानं उकिरड्यात शेणाखाली स्वतःच्या पायांनी तुडवली. आई दाराशी उभी होती. एरवी टोमण्याची संधी न सोडणाऱ्या माझ्या आईनं त्यांना पाय धुवायला ऊन पाणी आणून ठेवलं. सकाळी बाई आली, बाजेखाली वाकली, मला डिंकाच्या लाडवांचं प्रमाण सांगून गेली. पाटीलकी वाचली.

शिवरात्रीला वडिलांनी ठेक्यावरून रीतसर भांग आणली आणि देवळात वाटली. पण चुगली करणारा गावातलाच, तेव्हा पाटलांच्या घरच्या भांगेची बातमी गावभर झालेली. पहिला घोट घेऊन एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "पाटील, असली भांग जलमात प्यालो न्हाई."

"ठेक्याचीच हाय, आबा."

"व्हय, व्हय. ठेक्याचीच." आणि आबांनी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

वडील प्रत्येकाला तेच सांगत पुढं सरकत होते आणि प्रत्येक जण डोळा मारून पेला पुन्हा पुढं करत होता. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं खरं कधी सांगितलं नसेल. पोराला कडेवर घेऊन मी खांबाशी उभी होते, हसू दाबता दाबता माझे डोळे भरून आले होते. शेवटच्या माणसानं तर त्यांना बाजूला ओढलं आणि तो कानाशी लागून म्हणाला, "पाटील, पेरायला थोडं बी ठेवा आमाला."