काकूंचा उंच कुकर

वरच्या मजल्यावरच्या काकू काचेची बरणी कानाने निवडायच्या. तेही फोनवरून! मी नाशकात त्यांच्या खालच्या खोलीत भाड्याने राहायचे, म्हणून भांडी बाजारात फेरी माझी. फोन बरणीपाशी धरला की तिकडून हुकूम सुटायचा, "चमच्याने वाजव. छे, बद्द वाजतेय, तडा असणार. दुसरी घे." दुकानदार कपाळाला हात लावायचा. "ताई, त्यांनाच आणा की एकदा!"

आणणार कशा? काकांना अर्धांगवायू झाल्यापासून काकू घराबाहेर पडल्याच नव्हत्या. काकांना दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीसुद्धा चालायचं नाही. काकू गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या तरी आतून हाका सुरू. माझाच संताप व्हायचा. काकू मात्र म्हणायच्या, "अगं, आजारी माणूस आहे. आणि मी कुठे पळून चाललेय?" मग पातेल्याच्या तळाशी फडकं घालून टोमॅटोच्या रसाच्या बरण्या उकळायला ठेवायच्या.

वर्षभर टिकतील अशी बरण्यांत भरून द्राक्षं झाली, आंबा झाला, मटार तेवढा राहिला होता. "टोमॅटो आंबट, त्याला उकळतं पाणी पुरतं. मटाराला प्रेशरच हवं, नाहीतर बरणीत विष धरून जिवावर बेतेल," असं त्या बजावायच्या. त्यासाठी दाब दाखवणारा काटा असलेला, बरण्या उभ्या मावतील असा उंच कुकर हवा होता. "एवढी एक वस्तू मी स्वतः बाजारात जाऊन घेणार," हे त्यांचं पालुपद मला पाठ झालं होतं.

शेवटी एका थंडीत मनमाडहून त्यांची नणंद आली, दिवसभर भावाजवळ बसते म्हणाली. काकूंनी ठेवणीतली साडी काढली. दुकानात काय रमल्या म्हणून सांगू! झाकण फिरवून बघ, रबर ताणून बघ, बरणी उभी मावेल ना हे वितीने मोज. घासाघीस करताना तर अशा खळखळून हसल्या की मी बघतच राहिले. नंतर मिसळ खायची आणि गोदाघाटावर निवांत बसायचं, असा आमचा बेत होता.

पैसे देतो न देतो तोच फोन आला. नणंद म्हणत होती, "वहिनी, दादा रडतायत. पाणीसुद्धा घेईनात. लवकर या."

काकूंनी "आलेच" म्हणून फोन ठेवला. आम्ही रिक्षात बसलो. मला इतकं वाईट वाटत होतं की त्यांच्याकडे बघवेना. रिक्षाने वेग घेतला तशा काकू पुढे वाकल्या.

"भाऊ, जरा हळू घ्या. काचेचं सामान आहे."

पिशवीत नुसता ॲल्युमिनियमचा कुकर होता. मी ती काचेची असल्यासारखी दोन्ही हातांनी जपून धरली.