सातावर आऊट

आठवी विकेट पडली की हे गृहस्थ वही मिटत, पायांत चपला सरकवत आणि म्हणत, "बोलर आले. चला घरी." मॅच तिकडे चालू असे आणि हा माणूस पाठ फिरवून डिलाईल रोडच्या दिशेने निघालेला असे. असला उद्धट प्रेक्षक तुम्हीही पाहिला असेल. आमच्या चाळीच्या नशिबी तो कायमचा आला होता.

गिरणीत टाइमकीपर. स्वतः जन्मात बॅट धरली नाही. पण चाळीच्या टीममधल्या प्रत्येकाचं त्याने पुठ्ठ्याचं कार्ड केलं होतं. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल ती कार्डावर बघायची: चौकार, एक धाव की आऊट. बॅट्समनची कार्डं महिनाभर खपून केलेली, ते फक्त दोनावर आऊट. बोलरांना मात्र सरसकट एकच कार्ड, सातावर आऊट. दोन फाशांत सातच सगळ्यांत जास्त वेळा पडतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मी बोलर. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात गिरण्या बंद असल्या की चाळ त्याच्या खोलीत हा खेळ खेळे, आणि मी चार-सहा फेकींत आऊट. तेही चाललं असतं. पण आमचा कॅप्टन इतका अक्कलशून्य, की खऱ्या मॅचचा बॅटिंगचा क्रमही ही कार्डं बघून लावायचा. मी कायमचा अकरावा.

एकदा अकरावा जाऊन मी सदतीस धावा काढल्या, मॅच जिंकून दिली. पॅड सोडून तडक त्याच्या खोलीवर गेलो.

"आता तरी माझं कार्ड बदला."

"मी पाहिलं नाही."

"पाहणार कसे? तुम्ही निघून आलात."

"बोलरची बॅटिंग काय बघायची? चहा घेतोस?"

चहा घेतला नाही. पुढच्या मॅचलाही मी अकरावाच होतो. त्यानंतर दर महिन्याला जाऊन भांडलो, कार्ड तसंच राहिलं.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी तो छातीत कळ येऊन गेला. दिवस झाल्यावर त्याच्या बायकोने कार्डांची पेटी मला आणून दिली.

"भावोजी, तुम्हीच सारखे यायचात."

"भांडायला यायचो, वहिनी."

"हो. पण यायचात."

त्या संध्याकाळी मी माझ्या कार्डावरचा सात खोडला आणि शाईने दोन लिहिला. मग बघत बसलो. अक्षर माझं होतं. असल्या कार्डाला चाळीत कुणी विचारलं नसतं, मीही नसतं विचारलं. त्या कोत्या माणसाने मान्य केल्याशिवाय माझ्या सदतीस धावा मलाच खऱ्या वाटत नाहीत, आणि आता तो कधीच मान्य करणार नाही.