घुबडाचं झाड सांगायचं नसतं

माझ्या सासूबाई व्हर्ना ह्रिनचुक यांनी एडमंटनमध्ये एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एक्केचाळीस वर्षं पक्षी पाहिले. जे दिसलं तेवढंच दिसलं म्हणायचं, हा त्यांचा खाक्या. अकरा वर्षं वहीत असलेला एक पांढरा ससाणा त्यांनी एके दिवशी खोडून टाकला. का, तर म्हणे शेपटी नीट दिसली नव्हती. आमच्याकडची नाताळची पक्षीगणना लिहिणारा रसेल इतरांना शंभर प्रश्न विचारायचा, पण व्हर्ना म्हणाली म्हटलं की मुकाट लिहून घ्यायचा. आणि त्यांचा हा जावई! मला कावळा आणि डोमकावळा यांतला फरकही धड कळत नाही.

गेल्या फेब्रुवारीत फॅमिली डेची सुट्टी धरून सासूबाई, माझी बायको डार्सी आणि मी व्हँकुव्हरला गेलो. शनिवारी सासूबाईंची जुनी मैत्रीण हेस्टर आम्हाला बागेतल्या तळ्याकाठी घेऊन गेली आणि एका सीडरखाली उभं करून वर बघा म्हणाली. फांद्यांच्या आत मुठीएवढं घुबड डोळे मिटून बसलं होतं. हेस्टरने तिघांकडून वचन घेतलं की हे झाड कुणाला कळू द्यायचं नाही. पक्षीवाल्यांत हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मला तर सासूबाईंनी गाडीत दोनदा बजावलं होतं. तरी संध्याकाळी मी फोटो इंटरनेटवर टाकलाच. जागेचं नाव लिहिलं नाही, याचंच मला कौतुक. मागे लाकडी पूल लख्ख दिसत होता, ते या गाढवाच्या लक्षातच आलं नाही.

रविवारी चार वाजता परत गेलो, तर झाडाखाली तीस-चाळीस माणसं कॅमेरे रोखून उभी.

"तू टाकलास?" सासूबाईंनी विचारलं.

मी हो म्हणालो. डार्सीने माझा हात सोडला.

सासूबाईंनी लोकांना आधी नीट सांगून पाहिलं, मग हात जोडले. लाल जॅकेटवाला एक लंबूटांग म्हणाला, बाग काय तुमच्या वडिलांनी लावलीय? दुसरा कुणी घुबडाने डोळे उघडावेत म्हणून टाळ्या वाजवत होता. लंबूटांगाने तर कॅमेऱ्याच्या तिवईने फांदीच वर उचलली. घुबडाने डोळे उघडले आणि अंग चोरून ते खोडाला चिकटलं. समोरच्या झाडावर कावळे जमायला लागले होते. उजेडात घुबड उडालं तर कावळे त्याच्या चिंध्या करतात, एवढं मलाही कळत होतं. आणि अंधार पडायला अजून दीड तास होता.

सासूबाई पुलापलीकडच्या काटेरी झुडपांपाशी गेल्या. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बसमधल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ब्रॅम्बलिंग. इथे ब्रॅम्बलिंग आहे."

हा पक्षी थेट आशियातून भरकटत येतो, तोही कैक वर्षांतून एखादा. सगळ्या माना वळल्या. कोण म्हणतंय, असं लंबूटांगाने विचारलं. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "ती एडमंटनची व्हर्ना आहे. ती म्हणते म्हणजे आहेच." झालं, सगळे पुलाकडे पळाले.

मीही जाऊन झुडपात पाहिलं. तिथे साधी चिमणीसुद्धा नव्हती.

"आई, कुठाय?" मी हळूच विचारलं.

"तोंड बंद ठेव आणि बोट दाखव."

मी बोट दाखवलं. आत्ता खाली उतरली, आत्ता पानांमागे गेली, छाती नारिंगी आहे, असं त्या दीड तास सांगत राहिल्या. दर खेपेला त्यांचा आवाज जरा आणखी खोल जायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा एक डोळा सीडरवर होता. शेवटी कावळे कंटाळून रोजच्यासारखे पूर्वेकडे निघाले. उजेड विझत आला तेव्हा फांदीतून काहीतरी सुटलं आणि आवाज न करता निघून गेलं.

"गेलं," मी म्हणालो. तेव्हा कुठे त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

सोमवारी न्याहारीलाच रसेलचा फोन आला. बातमी एडमंटनला पोचली होती. सासूबाई म्हणाल्या, ब्रॅम्बलिंग नव्हतीच. चुकलीस का, त्याने विचारलं. हो म्हणाल्या असत्या तर भागलं असतं, चुका सगळ्यांच्याच होतात.

"नाही. खोटं बोलले," त्या म्हणाल्या.

का, ते त्यांनी सांगितलं नाही. कारण सांगायचं तर झाड सांगावं लागलं असतं, आणि फोटो कुणी टाकला तेही.

डिसेंबरच्या गणनेत मी त्यांची गाडी चालवत होतो. दुपारी बर्फाळ शेतातल्या खांबावर पांढरा ससाणा बसलेला दिसला. वीस मिनिटं दिसला, शेपटीसकट. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी सगळे जण सूप पीत याद्या सांगत होते. सासूबाईंनी ससाणा सांगितला आणि रसेलची पेन्सिल थांबली.

"फोटो आहे का, व्हर्ना?" त्याने खाली बघतच विचारलं.

मी सगळं ओकून टाकायला तोंड उघडलं. टेबलाखाली त्यांनी माझ्या पायावर पाय दाबला.

"नाही. नको लिहूस," त्या रसेलला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सूप पी, कर्टिस. गार होतंय."