आधी नाव विचार

माझी आत्या मला तापाची गोळी देतानाही नाव विचारते. ते नाव तिनेच ठेवलेलं आहे. तरी एका हातात गोळी, दुसऱ्यात पाण्याचा पेला धरून समोर उभी राहते आणि म्हणते, पूर्ण नाव सांग. अंगात ताप असताना असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. एकदा चिडून मी शेजारणीचं नाव सांगितलं. आत्या गोळी घेऊन सरळ स्वयंपाकघरात निघून गेली आणि मी खरं नाव सांगेपर्यंत काही परत आली नाही.

एकतीस वर्षं तिने बायकांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. चोवीस खाटांचा वॉर्ड, आणि तिथली सगळी बोली आकड्यांची. चारला उलटी झाली, अकराचे टाके काढायचेत, सतराचा नवरा पुन्हा भांडायला आलाय. माणसं येतात-जातात, खाट जागची हलत नाही, म्हणून हे सोयीचं. आत्यालाही तेव्हा ते सोयीचंच वाटायचं.

नऊ आणि दहा नंबरला दोन आजी होत्या. नऊच्या आजींना मधुमेह, रोज संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिन. दहाच्या आजींचा पाय प्लास्टरमध्ये, बाकी तब्येत खणखणीत आणि तोंड त्याहून. नऊच्या डोक्यावर पंखा गरगरायचा, त्या आजींना वारं सोसत नसे. आणि शेजारी दहाच्या आजी उकाड्याने हैराण. एका दुपारी दोघींनी आत्याला लाडीगोडी लावली, आमच्या जागा बदलून द्या. नियमात बसत नव्हतं, पण आत्या पडली मऊ. तिने वॉर्डातल्या मावशींना सांगितलं, दोघींना हलवा, कागद मी बदलते. तेवढ्यात बाथरूममध्ये कुणीतरी पाय घसरून पडलं आणि आत्या तिकडे धावली. त्या गडबडीत तिची दुपार गेली. मावशींनी दोघींना हलवलं. औषधांचे कागद मात्र खाटांच्या कठड्यांना होते तसेच लटकत राहिले.

संध्याकाळी आत्या ट्रे घेऊन नऊ नंबरच्या खाटेपाशी गेली, कागद वाचला, दंड पुढे करा म्हणाली. प्लास्टरचा पाय चादरीखाली होता. आजींनी निमूट दंड पुढे केला. दवाखान्यात टोचायला आले की टोचून घ्यायचं, विचारतंय कोण? माझी आत्या निष्काळजी नव्हती, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पण परवानगी तिचीच होती आणि विसरलीही तीच.

त्या दिवशी जेवणाच्या गाडीला उशीर झाला. टोचल्यावर अर्ध्या तासाने आजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं भरकटलं. आत्या धावत आली, चादर बाजूला केली आणि प्लास्टर दिसताच आपण कुणाला टोचलं ते तिला कळलं. तिने लगेच डॉक्टरांना हाक मारली आणि काय केलं ते तिथल्या तिथे सांगितलं. ग्लुकोज लावलं. काही वेळाने आजी भानावर आल्या आणि जेवण कुठे अडलंय म्हणून करवादल्या, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर तरुण होते, मनाने चांगले. ते आत्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सिस्टर, आजी बऱ्या आहेत. अशक्तपणाने चक्कर आली, असं लिहू. पुढच्या महिन्यात तुम्ही इन्चार्ज होताय."

मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. आत्यालाही क्षणभर ते हवंहवंसं वाटलं, हे तिने माझ्यापासून लपवलं नाही. आत्याचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. इन्चार्जला पाळ्या नसतात. तिची दोन्ही पोरं संध्याकाळी घरात एकटी राहिली नसती. ती बराच वेळ रजिस्टर उघडं ठेवून बसली. मग लिहिलं, इन्सुलिन चुकीच्या पेशंटला दिलं गेलं. 'दिलं गेलं' खोडून 'मी दिलं' असं केलं आणि खाली सही केली.

सकाळी मेट्रननी बोलावलं. आत्या एवढंच म्हणाली, "चूक माझीच आहे. पण मॅडम, कागद खाटेला लटकतो, बाईला नाही. उद्या दुसरी कुणीतरी अशीच चुकेल." इन्चार्जची जागा दुसरीला मिळाली. आत्याने पुढे सात वर्षं संध्याकाळच्या पाळ्या केल्या आणि पोरं शेजारच्यांच्या घरी अभ्यास करून मोठी झाली.

पण त्या सकाळी तिचं सगळ्यात अवघड काम अजून राहिलं होतं. मेट्रनकडून वॉर्डात परतल्यावर ती, पायासाठी रोज सकाळी असायच्या त्या इंजेक्शनचा ट्रे घेऊन, थेट प्लास्टरवाल्या आजींकडे गेली. आजींचा मुलगा, एका कारखान्यातला फिटर, उशाशी बसला होता. आत्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो भडकला, आणि का भडकू नये? ही बाई माझ्या आईला हात लावणार नाही, असं तो सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. आत्या मान खाली घालून ट्रेसकट मागे वळली.

"थांब गं," आजी म्हणाल्या. त्यांनी मुलाला हातानेच गप्प केलं. "काल मला नाव विचारलं असतंस, तर सांगितलं असतं की. मला काय माहीत, तू माझ्या शेजारणीला शोधतेयस?"

मग त्यांनी दंड पुढे केला. "हिच्याच हातून घेईन मी. पण आधी नाव विचार."

आत्याने विचारलं. आजींनी स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचं, आडनाव, आणि आत्या कागदावर बोट ठेवून एकेक शब्द जुळवत गेली. अकरा दिवस त्या वॉर्डात होत्या, आणि आत्याने त्यांचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते त्या सकाळी.