एका पुडीत दोघी

आमचे नरहरकाका टेंभुर्णीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि सांगून सांगून त्यांचा घसा कायमचा बसला होता. निजामाची राजवट, सन छत्तीस. पाऊस सरता सरता घरोघरी हिवताप शिरला. एक दिवस थंडी वाजून ताप, दुसऱ्या दिवशी माणूस खडखडीत. तापाच्या दिवसाला गाव पाळी म्हणे, मधल्या दिवसाला सुट्टी. हिवतापावरची कोयनेलची गोळी फक्त पाळीला घ्यायची, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

काकांचं डोकं इथंच फिरे. हैदराबादेत त्यांनी खुर्दबिणीतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, तापकऱ्याच्या रक्तातला किडा पाहिला होता. "सुट्टी तुम्हाला, किड्याला न्हाई!" ते ओरडत. "तो रक्ताच्या कणात बसून वाढून राह्यलाय. उद्या कण फोडून त्याची पिल्लावळ बाहेर पडंल, मंग पुन्हा थंडी. सात दिवस रोज गोळी घ्या!" लोक माना डोलवत आणि घरी जाऊन आपलंच खरं करत.

त्यात काकूंना, सगुणाबाईंना, ताप आला. पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, अंगातलं रक्त आटलं. डॉक्टर म्हणाले, आणखी पाळ्या यांना झेपायच्या नाहीत. काकांनी सात दिवसांची पुडी घरी आणून दिली. नवव्या दिवशी काकू पुन्हा कुडकुडायला लागल्या.

"गोळ्या घेतल्या न्हाईत?"

"घेतल्या की, पाळीला. माझ्या सुट्टीला शेजारच्या झुंबरबाईची पाळी असती. एका पुडीत दोघी बराबर भागलो," काकू कौतुकानं म्हणाल्या.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. साऱ्या गावाला शिकवलं आणि घरातच हे! एका पुडीत एकीचाही ताप गेला नव्हता. दवाखान्यात आता एकच पुडी उरली होती, आणि पुढचा माल महिन्याशिवाय येणार नव्हता. ती त्यांनी काकूंसाठी आणली. मला आजही वाटतं, दुसरं काय करणार होते ते?

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई घोंगडी पांघरून दारात आली.

"भाऊ, आज माझी पाळी हाय."

"गोळी न्हाई, झुंबरबाई."

"असं कसं? वैनीला तर आज सुट्टी. त्यांची गोळी तशीच पडून राह्यली असंल न्हवं?"

रोज ओरडणाऱ्या काकांनी दार लोटलं आणि आत जाऊन ती गोळी काकूंच्या हातावर ठेवली.